मदत हवी आहे: ४०१-केचा रोलओव्हर फसला, चेक न वटताच शिळा झाला

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या बहिणीचा आहे. बरीच वर्षं न्यू जर्सीत एच-१बीवर होती, आता कायमची नाशिकला आली आहे. वय ४८. जुन्या कंपनीतलं ४०१-के (नोकरीतलं निवृत्ती बचत खातं) आयआरएमध्ये (स्वतः उघडायचं निवृत्ती खातं) डायरेक्ट रोलओव्हर करायला, म्हणजे पैसे हातात न घेता थेट वळवायला, तिने सांगितलं. प्लॅनने, म्हणजे ४०१-के योजनेने, चेक काढला तो आयआरए उघडणाऱ्या नव्या संस्थेच्या नावाने, 'अमुक व्यक्तीच्या खात्यासाठी' असं लिहून. संस्थेने भारतातला पत्ता बघून खातंच उघडलं नाही. चेक परत पाठवला तो सोबतच्या चिठ्ठीवरच्या एडिसनच्या जुन्या पत्त्यावर! तिथल्या नव्या भाडेकरूंनी जपून ठेवला हे नशीब. पण आमच्या हाती येईपर्यंत सहा महिने उलटले, आणि त्यानंतर तिथल्या बँकेवर चेक वटवायचं बंधन नसतं.

दरम्यान १०९९-आर (निवृत्ती खात्यातून पैसे निघाल्याचा कराचा फॉर्म) आला. सातव्या रकान्यात 'जी', म्हणजे कागदावर रोलओव्हर झालेला. प्लॅनच्या फोनवर सांगतात, खात्यात शिल्लक शून्य आहे. हवं तर बहिणीच्या नावाने नवा चेक काढतो.

काढून घ्यावा का? मिळालेले पैसे दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरायची ६० दिवसांची मुदत गेली असं धरायचं का? आयआरएसचं (अमेरिकेचं आयकर खातं) २०१९-१९ हे रुलिंग वाचून तर धास्तीच बसली: चेक वटवला नाही तरी रक्कम त्या वर्षीचं उत्पन्नच.

प्रतिसाद

तिच्या नावाने चेक अजिबात घेऊ नका. भारतात राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला पैसे देताना ३० टक्के कापतात. भारत-अमेरिका कर करारातली सवलत हवी तर डब्ल्यू-८बेन हा फॉर्म आधी द्यावा लागतो. शिवाय वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे काढल्याचा १० टक्क्यांचा दंड मागे लागू शकतो.

त्या रुलिंगमधल्या व्यक्तीच्या हातात चेक आला होता आणि तिला तो वटवता येत होता. तुमच्या बहिणीला हा चेक वटवताच आला नसता, त्यामुळे ते रुलिंग इथे सरळ लागू पडत नाही, असं माझं मत.

फोन सोडा, पत्र लिहा, आणि तेही रेकॉर्डकीपरला (खात्यांचे हिशेब ठेवणारी कंपनी) नाही, प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटरला (योजनेची कायदेशीर जबाबदारी असणारा). (फोनवरच्या माणसाला स्क्रीनवरचा शून्यच दिसतो.) न वटलेल्या चेकचे पैसे कुठेतरी पडूनच असतात, ते कुठल्या खात्यात आहेत ते विचारा. जुना चेक रद्द करून रक्कम परत प्लॅनमध्ये घ्या, नाहीतर नव्या आयआरए संस्थेच्या नावाने चेक काढा, अशी मागणी करा. कंपनी विकली गेली असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव-पत्ता फॉर्म ५५०० मध्ये, म्हणजे योजनेने सरकारला द्यायच्या वार्षिक अहवालात, मिळेल. तो सर्वांना बघता येतो. दाद लागली नाही तर अमेरिकेच्या कामगार खात्याच्या ईबीएसएकडे (अशा योजनांवर देखरेख करणारा विभाग) तक्रार करा. पैसे लागत नाहीत.

कुणी ६० दिवसांचा मुद्दा काढलाच तर आयआरएसची रेव्हेन्यू प्रोसिजर २०२०-४६ आहे. संस्थेची चूक, चेक गहाळ होऊन न वटणं, ही मुदत चुकण्याची ग्राह्य कारणं म्हणून त्यात दिली आहेत. स्वतःच प्रमाणपत्र लिहून नव्या संस्थेला द्यायचं. मात्र अडचण दूर झाल्यावर ३० दिवसांत पैसे भरा. पुढे तपासणीत आयआरएस विचारू शकते, म्हणून तो शिळा चेक आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा.

धागाकर्ता

खूप आभार. पाकीट आहे, शिक्काही दिसतो. आज पत्राला बसतो. एकच विचारायचं राहिलं: भारतातला पत्ता देऊन आयआरए कुणी अलीकडे उघडलं आहे का? खातंच नसेल तर नवा चेक कुणाच्या नावाने काढायला सांगू?