'सायकॉलॉजिकल थ्रिलर'ला मराठीत काय म्हणायचं? (थरार, घालमेल, चळ)

केळीपट्टा: डॅरेन अरोनॉफ्स्कीचा पहिला चित्रपट 'पाय' (१९९८) काल रात्री पहिल्यांदाच पाहिला. आईने नाव ऐकून विचारलं, "कोणाचा पाय?" २२/७ वाला, म्हटल्यावर ती झोपायला गेली. कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. खर्च साधारण ६० हजार डॉलर, त्यातले बरेच मित्र-नातेवाइकांकडून शंभर-शंभर गोळा केलेले. मॅक्स नावाचा गणिती २१६ अंकी संख्येच्या मागे लागतो आणि डोकेदुखीने कळवळतो. सकाळी मित्राला सांगायला गेलो तर शब्दच सापडेना. 'मनोवैज्ञानिक थरारपट'?

वरणबट्टी: 'मनोवैज्ञानिक' हिंदीचा, आपलं मानसशास्त्र. पण 'मानसशास्त्रीय' म्हटलं की बी.ए.चा पेपर आठवतो आणि 'मानसिक' म्हटलं की दवाखाना. 'मनोथरार' करून पाहिलं, ते चाटणाचं नाव वाटतं.

तापीकाठ: माझं भांडण 'थरार'शी आहे. थरारणं मुळात बारीक: पान थरारतं, तार थरारते. पेपरवाल्यांनी त्याला रस्त्यावर आणलं. पाठलागाचा थरार, बारागाड्यांचा थरार. भगत माणसांनी लदलेल्या बारा गाड्या ओढतो, तिथे शोभतोही. अख्ख्या गर्दीच्या अंगावर काटा येतो. इथे एकटा माणूस खोलीत आकडे मोडतोय. घालमेल म्हणा.

केळीपट्टा: दादा, घालमेल दहावीच्या निकालाचीही होते. इथे समोर दिसतंय ते खरं की त्याच्या डोक्यातलं, हेच कळत नाही. काही ठिकाणी कॅमेरा नटाच्या अंगालाच बांधलाय. चेहरा जागच्या जागी आणि रस्ता मात्र डुचमळतोय. मलाच गरगरलं.

जुनी पाटी: मग 'चळ' घ्या ना. खूळ उतरतं, वेड प्रेमाचंही असतं, कौतुकाने सांगता येतं. चळ कोणी कौतुकाने सांगत नाही. चळणं म्हणजे जागेवरून ढळणं. चलच्चित्रातला 'चल' त्याच कुळातला. आमची आजी असा गप्प बसलेला माणूस पाहिला की अहिराणीत विचारायची, "याना डोकामा काय चाली राह्यनं?" म्हणजे तिथेही चालणंच. 'चळपट' म्हणून बघा.

वरणबट्टी: वा! भीतीने माणूस चळचळा कापतो, तेही कानाला लागतं. फक्त छापणारा 'चलपट' करून ठेवेल.

केळीपट्टा: आत्ता आईला गोष्ट सांगितली. मॅक्स सहा वर्षांचा असताना, आई नको म्हणत असताना, सूर्याकडे टक लावून बघतो. जळगावच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून ती म्हणाली, "चळलं होतं का पोरगं?" मी तिला काहीच पढवलं नव्हतं.

तापीकाठ: आईंना नमस्कार. पोस्टरवर तरी मी घालमेलच लिहीन.