टायगर मॉथ शिकताना सेस्नाची सवय कुठे नडते?

आभाळवाट (वणी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) झालंय, पण सगळं उड्डाण सेस्ना १५२ वर आणि डांबरी धावपट्टीवर. शेपटीवर बसणाऱ्या विमानाला अजून हात लावलेला नाही. जूनमध्ये भावाकडे इंग्लंडला जातेय, तिथल्या एका क्लबात टायगर मॉथवर (जुनं ब्रिटिश, दुपंखी, उघड्या कॉकपिटचं विमान) शिक्षकासोबत शिकायचं ठरलंय. तासाचा दर ऐकून घाम फुटतो, म्हणून जमेल तेवढी तयारी इथूनच करून जायची आहे.

तीन प्रश्न. पायांची सवय मोडायला सेस्नावर काय सराव करू? प्रॉपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करतात ते नेमकं कसं, आणि त्यात माणसं जखमी होतात ती कशाने? तिसरा जरा हौशी: असं विमान आपल्याकडे, मे महिन्यात, मुरमाच्या पट्टीवर चालेल का? काकांचं पडीक वावर आहे म्हणून घरात थट्टा सुरू आहे, पण मला खरं उत्तर हवंय.

डावा_पाय

ताई, सेस्नाचा प्रॉप कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. टेकऑफला नाक डावीकडे ओढतं आणि तुमचा उजवा पाय न सांगता पुढे जातो. टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन उलट्या दिशेने फिरतं. नाक उजवीकडे ओढतं, डावा पाय लागतो. सेस्नावरून आलेल्यांची पहिली गडबड इथेच होते: विमान उजवीकडे निघालं की सवयीने उजवा पाय दाबला जातो आणि स्वारी पट्टीबाहेर. ‘टेकऑफ म्हणजे उजवा पाय’ हे डोक्यातून काढूनच टाका. नाक कुठे चाललंय ते बघायचं, त्याच्या विरुद्ध पाय द्यायचा.

शेपटी उचलताना हा ओढा एकदम वाढतो, कारण फिरता प्रॉप जायरोस्कोपसारखा वागतो आणि नाकाला आणखी उजवीकडेच ढकलतो. म्हणून स्टिक झटक्यात पुढे ढकलायची नाही. थ्रॉटल सावकाश पूर्ण उघडायचा, स्टिक मध्यापासून किंचित पुढे ठेवायची, वेग आला की शेपटी आपली आपण उचलली जाते.

जमिनीवर हे विमान का भरकटतं, तेही समजून घ्या. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. सेस्ना थोडी तिरकी टेकली तर तिचं वजनच तिला सरळ करतं. इथे तेच वजन शेपटीला आणखी बाहेर फेकतं, आणि जेवढं विमान वळेल तेवढा हा फेका वाढतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्यात खालच्या पंखाचं टोक घासतं, जोर जास्त असेल तर चाकाचा सांगाडा मोडतो. यावर उपाय म्हणजे पायाचे लहान ठोके: द्यायचा, काढून घ्यायचा, पुन्हा बघायचं. पाय दाबून धरून ठेवला की विमान दुसऱ्या बाजूला पळतं. आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय सोडायचे नाहीत, कारण मूळ ब्रिटिश टायगर मॉथला ब्रेकच नाहीत. (कॅनडात बनलेल्या डीएच ८२सी मॉडेलला ब्रेक, शेपटीला चाक आणि झाकलेलं कॉकपिट होतं. तुमच्या नशिबी ते बहुधा नाही.)

सेस्नावर आता करायचा सराव: सुरक्षित उंची घ्या, समोर एखादी टेकडी किंवा तलाव धरा. नाक त्यावरून हलू न देता विमान डावीकडे २० अंश, उजवीकडे २० अंश असं एका लयीत कलतं करत राहा. एलेरॉन (पंखावरची, विमान कलतं करणारी फळी) आणि रडर (पायाने हलणारं शेपटीचं सुकाणू) एकत्र गेले नाहीत तर नाक लगेच डुलतं. टायगर मॉथचे एलेरॉन फक्त खालच्या पंखांवर आहेत आणि उलटा ओढा भरपूर. खाली जाणारं एलेरॉन मुद्दाम फार थोडंच हलेल अशी रचना आहे, तरी पायाशिवाय वळण घेतलंत की आधी नाक चुकीच्या बाजूला जातं आणि वारा गालावर आडवा लागतो. उघड्या कॉकपिटचा तेवढा फायदा: विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा यंत्रातला चेंडू बघायची गरजच पडत नाही.

दुसरा सराव फ्लॅप न वापरता उतरण्याचा आणि साइडस्लिपचा (विमान तिरकं धरून घसरत उंची घटवण्याचा). टायगर मॉथला फ्लॅप नाहीत, उंची जास्त झाली तर साइडस्लिप हाच मार्ग. अप्रोचला ताशी ६५ मैल, म्हणजे ५६ नॉटच्या आसपास. स्टॉल (पंखांची उचल सुटणं) ४० नॉटच्या आगेमागे. वेग ५ नॉटने जास्त ठेवलात तर विमान तरंगत राहतं, कमी ठेवलात तर दोन पंखांचा अवरोध वेग झरझर खाऊन टाकतो. शेवटी जमिनीपासून दोन-तीन फुटांवर स्टिक हळूहळू मागे घेत विमानाला टेकूच द्यायचं नाही. स्टिक पोटाला लागेल तेव्हा चाकं आणि शेपटी एकदम टेकतात. टेकल्यावरही स्टिक मागेच. थोडी उसळी आली तर स्टिक तशीच धरून पुन्हा टेकू द्या. मोठी उसळी आली तर थ्रॉटल उघडून फेरी मारा, वरून दुरुस्ती करत बसू नका.

एकट्याने उडताना मागच्या सीटवरून उडवायचं असतं. समोर इंजिन, पुढचं कॉकपिट, तारा, खांब. जमिनीवर नाकासमोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. टॅक्सी करताना नागमोडी जाऊन दोन्ही बाजूंनी डोकवावं लागतं.

पुण्याला हडपसरचं ग्लायडिंग केंद्र सुरू असेल तर जाण्याआधी तिथे थोडं उडून घ्या. लांब पंखांमुळे ग्लायडरही पायांचा आळस लगेच दाखवून देतो. आधी फोन करून विचारा.

मॅग्नेटो

दुसरा प्रश्न माझ्याकडे.

एक नियम आधी: स्विच बंद असला तरी प्रॉप जिवंत आहे असंच धरायचं. मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) स्विच ‘बंद’ करणं म्हणजे त्याला अर्थिंग देणं. ती अर्थिंगची तार तुटली असेल तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो ठिणगी देत राहतो. गरम इंजिनात एक पातं नुसतं हलवलं तरी ते पेट घेऊ शकतं. जखमा बहुतेक यातूनच, नाहीतर पाय घसरून माणूस प्रॉपकडे झुकल्याने होतात. मुरूम, ओलं गवत, सांडलेलं तेल यावर उभं राहून प्रॉप फिरवायचा नाही.

क्रम असा. चाकांपुढे चॉक (अडवणारे ठोकळे). कॉकपिटमध्ये माहितगार माणूस, स्टिक पूर्ण मागे धरून. बाहेरचा माणूस ओरडतो: स्विच बंद, पेट्रोल चालू, थ्रॉटल बंद. आतला प्रत्येक शब्द परत म्हणतो, आणि तोही स्विच हाताने तपासून. कार्ब्युरेटरचा टिकलर दाबून पेट्रोल थेंब-थेंब बाहेर येईपर्यंत भरायचं. मग चार पाती सावकाश ओढायची, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण जातं. प्रत्येक पात्याला कॉम्प्रेशनचा दाब हाताला लागला पाहिजे. एखादं पातं पोकळ गेलं तर व्हॉल्व्हची तक्रार. एखादं अडलं तर जोर लावायचा नाही. हे इंजिन उलटं आहे, सिलिंडर खाली, त्यामुळे तेल झिरपून तिथे साचू शकतं.

आता थ्रॉटल जेमतेम उघडा, स्विच चालू, ‘कॉन्टॅक्ट’. बोटं पात्यावर सपाट, कडेला वळवून पकडायची नाहीत. खाली ओढतानाच शरीर मागे जाईल अशी पावलं. एका मॅग्नेटोला इम्पल्स (सावकाश फिरवतानाही ठिणगी पाडणारी स्प्रिंगची जोडणी) असतो, त्याचा ‘टक’ आवाज आला की ठिणगी पडते. टक ऐकू येत नसेल तर कितीही फिरवा, हातच दुखतील.

गरम इंजिन पेट्रोलने भरलं तर स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाती उलटी फिरवून जास्तीचं मिश्रण बाहेर काढा आणि थ्रॉटल परत बंद करा. ही शेवटची पायरी विसरली की इंजिन पूर्ण ताकदीने पेटतं आणि विमान चॉकवरून उडी मारतं.

चालू झाल्यावर तेलाचा दाब लगेच वर यायला हवा. उडताना ४० ते ४५ पीएसआय, ३० च्या खाली गेला की उतरायचं. तीन-चार मिनिटं मंद चालवून मग मॅग्नेटो तपासणी. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी, सुमारे ८६ लिटरची; पंप नाही, नुसत्या उताराने येतं. तासाला ३० लिटरच्या जवळपास जातं. मापक म्हणजे टाकीवरच्या काचेच्या नळीतला तरंगता दांडा.

एक प्रश्न तिथे गेल्यावर अवश्य विचारा: फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) तळातून आडवे जाणारे टाय रॉड कधी बदलले? २०१३ साली ऑस्ट्रेलियात एका टायगर मॉथचा डावा पंख हवेत निखळला. चौकशीत दोन्ही टाय रॉडच्या आट्यांमध्ये आधीपासूनच्या थकव्याच्या भेगा सापडल्या. चांगला क्लब या प्रश्नाने चिडत नाही, वही काढून दाखवतो.

धुऱ्यावरून (ता. आर्वी)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मे महिन्यात सकाळी ६ ते ८.३०, नंतर नाही.

हिशेब बघा. पट्टी समुद्रसपाटीपासून १००० फुटांवर, तापमान ४४ अंश. या हवेची घनता साडेचार हजार फुटांवरच्या हवेपेक्षाही कमी. १३० अश्वशक्तीतली ११० च्या आसपास उरते, तीही पूर्ण आरपीएम मिळाले तर. वेगाच्या घड्याळात ५६ नॉट दिसतात तेव्हा हवेतला खरा वेग ६० च्या घरात असतो, म्हणजे जमिनीवर धाव लांबते. पहाटे २८ अंशाला हीच घनता-उंची पावणेतीन हजारांवर येते. एवढा फरक दोन माणसं बसवलेल्या टायगर मॉथला धुऱ्यावरच्या बाभळी ओलांडायला पुरतो किंवा पुरत नाही.

दहानंतर वावटळी. एवढ्या हलक्या, ब्रेक नसलेल्या विमानाला टॅक्सी करताना वावटळ लागली तर पंख उचललाच समजा. आडवा वारा ८-१० नॉटच्या वर असेल तर अनुभवी लोकही उडत नाहीत. वारा असला की पंखाच्या टोकाला माणूस धरून चालतो, तो शोभेला नसतो.

जमीन: काळ्या मातीचं वावर उन्हाळ्यात भेगाळतं, टेलस्किड (शेपटीखाली चाकाऐवजी असणारा घसरता दांडा) भेगेत अडकून मोडतो. पावसाळ्यात तर विषयच नाही, चाकाला पाच किलो माती. दाबलेला मुरूम चाकांना चालतो.

डावा_पाय

धुऱ्यावरून, मुरमाबद्दल थोडा वेगळा मुद्दा. चाकांना चालतो, प्रॉपला नाही. लाकडी प्रॉपच्या पुढच्या कडेला धातूची पट्टी असली तरी खडे ओढले जाऊन टवके उडतात. आणि टेलस्किडला मऊ हिरवळ लागते. तो जमिनीत रुततो तोच काय तो ब्रेक. आपल्याकडच्या पट्ट्या डांबरी. गोंदियाजवळची बिरसी तर महायुद्धातच बांधलेली, पण तिथेही आज डांबरच. डांबरावर स्किड रुतत नाही, नुसता घासत जातो, वळवणं अवघड होतं आणि लोखंडी बूट झिजतो.

धुऱ्यावरून

बरोबर, मान्य. म्हणजे दाट हरळीची, निचरा होणारी पट्टी हवी. ती आपल्याकडे उन्हाळाभर पाणी देऊनच टिकेल, आणि पाणी कुणाकडे आहे?

इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं, हे मात्र इथल्या माणसाला बसल्या जागी सांगता येतं. सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरचं वावर उत्तम. जानेवारीत हरभरा, बुटका आणि मऊ. कपाशी उभी असेल तर टाळा, पऱ्हाटीत चाकं अडकून विमान नाकावर पालथं होतं. तुरीचं तेच. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत दर थोड्या अंतरावर बांध. संत्र्याचे मळे, नको. कुठेही तासांच्या (पिकाच्या ओळींच्या) दिशेने उतरा, तासांना आडवं नाही, आणि विहिरीवरच्या मोटारीची वीजतार आधी शोधा. तार दिसत नाही, खांब दिसतात.

काकांच्या वावराचं म्हणाल तर तिथे विमान उतरवायला डीजीसीएपासून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत परवानग्या आहेत. थट्टा थट्टाच राहू द्या.

आभाळवाट

सगळ्यांचे आभार. भारतातच कुठे टायगर मॉथवर शिकता येत नाही ना? आणि वरच्या पंखाच्या पुढे काहीतरी पट्टी उघडते असं व्हिडिओत दिसलं, ती वैमानिक उघडतो का?

मॅग्नेटो

हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडे उडणारा टायगर मॉथ आहे, २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनवर तो उडालाही. पण तिथे नागरिकांना शिकवत नाहीत. तुम्ही निवडलेला रस्ताच बरोबर.

ती पट्टी म्हणजे स्लॉट. वेग कमी होऊन कोन वाढला की आपोआप उघडते, स्टॉल पुढे ढकलते. कॉकपिटमध्ये तिला कुलूप घालायचा लिव्हर आहे. टेकऑफ आणि उतरताना कुलूप काढलेलं, कसरती आणि स्पिनच्या वेळी घातलेलं, खडबडीत जमिनीवर टॅक्सीलाही घातलेलं, नाहीतर आपटत राहते. उतरण्याआधीच्या तपासणीत हा लिव्हर सेस्नावाल्यांकडून हमखास सुटतो, कारण त्यांच्या यादीत तो नसतोच.

डावा_पाय

आणखी एक. वेगाचं घड्याळ मैलात आहे की नॉटमध्ये, ते बसल्या बसल्या बघा. दोन्ही प्रकारची विमानं उडतात. ५६ नॉटचा आकडा डोक्यात ठेवून मैलाच्या घड्याळावर अप्रोच केलात तर प्रत्यक्षात ४९ नॉटवर असाल. जूनमध्येही वर गार वारा लागतो, जॅकेट घ्या, आणि मोबाइल चेनच्या खिशात. उघड्या कॉकपिटमधून पडलेली वस्तू नेहमी खालीच जाते असं नाही, कधी कंट्रोलच्या तारांत जाऊन बसते.