मदत हवी आहे : अहमदाबादचं जुनं शहर, आईसोबत

नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. डिसेंबरात आईला घेऊन अहमदाबादला जायचंय, फक्त कोटाच्या आतलं जुनं शहर बघायला. अहमदशाहाने 1411 साली वसवलेली सल्तनतीची राजधानी, 2017 पासून जागतिक वारसा. मॉल आणि रिव्हरफ्रंट नको, मॉल ठाण्यात काय कमी आहेत!

आईला पोळ बघायच्यात (गल्ल्या हो, पुरणाच्या नाहीत). एका फोटोत लाकडी नक्षीच्या घरांमधला पक्ष्यांच्या दाण्याचा चबुतरा पाहिला, तेव्हापासून रोज विचारते, "तिकिटं काढलीस का?"

अडचण तिच्या गुडघ्यांची. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा सकाळचा हेरिटेज वॉक तिला झेपेल का? मध्ये टेकायला ओटे मिळतात? की रिक्षाने तुकड्यातुकड्यांत करू? पोळीतल्या जुन्या हवेलीत कोणी राहिलंय का? जिने फार उभे असतात असं ऐकलंय.

माणेकचौकात दिवसा सराफा, रात्री खाऊगल्ली. तिथे आईला किती वाजता न्यावं?

आणि गाडी बोरिवलीहून पहाटेची आहे. घोडबंदरचं ट्रॅफिक धरून घरातून कधी निघू?