मदत हवी आहे: उपमेयच गाळलं तर तो अलंकार कोणता?

मंडळी, शाळेत अलंकार पाठ केले होते, ते आता कविता वाचताना खरे उमगू लागलेत. पण एका जागी अडले आहे. एकच कल्पना घेऊन मी वाक्यं बदलत गेले.

‘आजीचे हात पोथीच्या पानांसारखे जीर्ण’ ही उपमा. उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथे हात), उपमान (ज्याच्याशी करायची ते, इथे पानं), समान धर्म (जीर्णपणा) आणि ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द, चारही हजर. ‘आजीचे हात जणू पोथीची पानंच’ ही उत्प्रेक्षा. ‘आजीचे हात म्हणजे पोथीची पानं’ हे रूपक, आणि ‘हे हात नव्हेत, ही पोथीची पानं’ ही अपन्हुती. इथवर शंका नाही.

मग हे सुचलं: ‘रोज रात्री ती जीर्ण पानं माझ्या केसांतून फिरायची.’ हातांचा उल्लेखच नाही! रूपकात उपमेय आणि उपमान एकरूप होतात, पण त्यासाठी दोन्ही दिसायला हवीत ना? मला तर हेच वाक्य सगळ्यांत जास्त भिडतं, म्हणून त्याचं नाव कळावंसं वाटतं.

शिवाय हीच पानं पुढे कवितेत पुन्हा पुन्हा आली, तर त्यांना प्रतिमा म्हणायचं की प्रतीक?

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. हे रूपक नव्हे, अतिशयोक्ती. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात, पण संस्कृत काव्यशास्त्रात तिचे अनेक प्रकार आहेत. उपमानाने उपमेय पूर्ण गिळून टाकलं की होते ती रूपकातिशयोक्ती. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’ या संस्कृत अलंकारग्रंथात ती याच नावाने येते. हात गिळले गेले, पानं उरली. मात्र हात ओळखता येतील असा धागा वाक्यात लागतो. तुमच्याकडे ‘केसांतून फिरायची’ आहे, म्हणून ते जमलंय. तो काढून पाहा, नुसतं कोडं उरेल.

प्रतिमा इंद्रियांना जाणवते: पानांचा स्पर्श, सळसळ. तीच पानं हातांपलीकडचं काही, समजा संपत आलेलं आयुष्य, सुचवू लागली की प्रतीक. नुसती पुनरावृत्ती पुरत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! मग शेवटच्या कडव्यात ‘पोथी मिटली’ एवढंच लिहिलं, आणि आजीचा उल्लेख वर कुठेच नसला, तर वाचकाला धागा सापडेल का?