मूड इंडिगोला हिपहॉप-रेगे ऐकायला जायचंय (भाचीसोबत), सल्ला हवा

मावशी_नाशिकरोड
नमस्कार मंडळी. भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोला, म्हणजे त्यांच्या कॉलेज महोत्सवाला, तिला आणि तिच्या मैत्रिणींना जायचंय. ताईने फर्मान काढलंय, मावशी बरोबर असेल तरच. मावशी म्हणजे अस्मादिक. पन्नाशी उलटलीय, गुडघे कुरकुरतात. यंदा कोण येणार ते अजून जाहीर नाही, पण पोरींना हिपहॉप (ते रॅपवालं) आणि रेगे (जमैकाचं संगीत) प्रत्यक्ष ऐकायचंय. माझे कान नाट्यसंगीतावर पोसलेले, लहानपणी थोडा तबला शिकलेय.
मला आत सोडतील का? बसायला मिळतं का? रात्री परतायचं कसं? आणि तिथे ठोंब्यासारखं उभं राहायचं नाहीये, तर आधी काय ऐकू?
"डोकं उठेल" छापाचे प्रतिसाद घरातून भरपूर मिळालेत. इथे नकोत.

पवईकर
मावशी, बिनधास्त या. आधी संकेतस्थळावर नोंदणी करा, प्रत्येकीची वेगळी. आम्ही गेलो तेव्हा ती फुकट होती. विद्यार्थी नसलेल्यांचे नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून या वर्षीचं पान नीट वाचा, शंका असेल तर आयोजकांना ईमेल टाका. पोरींनी कॉलेजचं ओळखपत्र मूळ आणायचं, मोबाइलमधला फोटो गेटवरचा माणूस मानेलच असं नाही. तुम्ही आधार ठेवा.

नाशिकहून सकाळच्या गाडीने कल्याण, तिथून स्लो लोकलने कांजूरमार्ग. फास्टच्या नादी लागू नका. स्टेशनपासून मेन गेट तीनेक किलोमीटर, रिक्षा मिळते. गेटपासून आतही बरंच चालायचं असतं, कॅम्पस अवाढव्य आहे. एका अंगाला पवई तलाव, पलीकडे नॅशनल पार्कचं जंगल. बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा झाडीतले शॉर्टकट पोरींना मारू देऊ नका.

कार्यक्रम ओएटीत, म्हणजे ओपन एअर थिएटरमध्ये असेल तर तुमची चंगळ. पायऱ्यापायऱ्यांचं आहे, बसता येतं. सिमेंट गार पडतं, जाडसर चादर घ्या. मैदानात असेल तर मात्र उभं राहण्याची तयारी ठेवा.

स्वराली_ठाणे
पवईकरांनी परतीचं लिहिलंच नाही, पुरुषमाणूस! उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद करावा लागतो. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, म्हणून फार तर मध्यरात्र धरा. कार्यक्रम सुटला की सगळा लोंढा एकदम गेटवर येतो आणि रिक्षावाले हवे ते भाडे सांगतात. शेवटचं गाणं सोडून दहा मिनिटं आधी निघा. पोरी कुरकुर करतील, करू देत. नाशिकला त्याच रात्री परतायचा हट्ट नको. ठाणे-मुलुंडला कुणी नातेवाईक असतील तर तिथे मुक्काम, स्लो लोकलने सरळ घरी.

गर्दीत फोन लागत नाही. आत शिरल्या शिरल्या एक जागा ठरवा, चुकामूक झाली तर तिथेच यायचं. "स्टेजच्या डावीकडे" असं नको, सगळेच तिथे असतात. एखादा विशिष्ट खांब किंवा स्टॉल ठरवा. पॉवर बँक, परफ्यूम, बाटल्या बऱ्याच कार्यक्रमांना गेटवर काढून घेतात, पर्स लहान ठेवा. आणि स्वच्छतागृहात सूर्यास्ताआधी जाऊन या, नंतरची रांग बघवत नाही.

एक महत्त्वाचं. रॅपच्या वेळी पुढची पोरं मध्येच गोल रिकामा करतात आणि बीट पडला की त्यात उड्या घेतात. मॉशपिट म्हणतात. भांडण नसतं, पण कुरकुरत्या गुडघ्यांचं ते काम नाही. गोल होताना दिसला की मागे सरका.

तालवेडा
"आधी काय ऐकू" याकडे कुणी वळेना, म्हणून लिहितो. मावशी, तबला शिकलाय म्हणजे अर्धं काम झालंय. चार मात्रा मोजा. आपल्याकडे पहिलीवर सम, सगळा जोर तिथे. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात ड्रमवाला ती पहिलीच मोकळी सोडतो आणि तिसरीवर घाव घालतो. दुसऱ्या-चौथीवर गिटारचा तुटक 'चक्' येतो. सुरुवातीला समेवर टाळी द्यायला हात उचलाल आणि तिथे काहीच नसेल. तबलावाल्यांची चांगलीच फजिती होते. मग लक्ष गिटारवरून काढून बेसवर, म्हणजे खर्जातल्या गिटारवर न्या. गाण्याची चाल जणू तोच गात असतो, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात तो कानांआधी बरगड्यांना कळतो. मोबाइलच्या स्पीकरवर हा बेस येतच नाही, म्हणून घरी रेगे मिळमिळीत वाटतं. हेडफोन लावूनच ऐका.

हिपहॉप आणि रेगे एकत्र का, असं ताईंनी विचारलं तर ही गोष्ट सांगा. जमैकात भलेमोठे स्पीकर रस्त्यावर लावून रेकॉर्डी वाजवायच्या आणि त्यावर माइकवरून तालात बोलायचं, ही साउंड सिस्टिमची जुनी रीत. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल १९६७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये आला. ११ ऑगस्ट १९७३ ला त्याच्या बहिणीने शाळा सुरू व्हायच्या आधी कपड्यांचे पैसे जमवायला इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलग्यांना पन्नास. रेकॉर्डी लावायला हा, नाव डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा लोकांना नाचायला आवडतो हे त्याने हेरलं होतं. दोन टर्नटेबलांवर तो तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. हिपहॉपचा जन्म त्या पार्टीपासून धरतात. म्हणजे रेगे आणि हिपहॉप सख्खे नसले तरी चुलत तरी आहेतच.

आणखी एक. रेगेच्या कार्यक्रमात लोकांनी फार आरडाओरडा केला की गाणं मध्येच थांबवून पहिल्यापासून लावतात. बिघाड झाला असं समजू नका. 'वन्स मोअर'च आहे तो, फक्त गाणं संपायची वाट बघत नाहीत.

माडाखाली
सगळं ठीक, पण रेगेसाठी पवई? तिथे रॅपर हमखास मिळेल, रेगे नशिबात असेल तर. रेगेच ऐकायचं तर गोवा सनस्प्लॅशला जा. दिल्लीच्या रेगे राजाज मंडळींनी २०१६ साली सुरू केलेला महोत्सव आहे. तारखा बघून ठेवा. दिल्लीचाच 'स्का व्हेंजर्स' हा बँड आणि 'दिल्ली सल्तनत' नावाने गाणारा त्यांचा गायक, हेही ऐका.

पवईकर
माडाखाली, ताई मावशीला पवईला सोडतायत ते नशीब समजा, गोव्याचं कुठे काढता! रॅपसाठी मात्र मावशी, 'स्वदेसी'पासून सुरुवात करा. मुंबईचा गट, वेगवेगळ्या भाषांतून रॅप करतात, एमसी मवाली मराठीतून. आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी 'द वारली रिव्हॉल्ट' हे गाणं केलं. शब्द कळतात, आणि पवईला येताना आरे काही लांब नाही, तेवढं डोक्यात ठेवून ऐका.

मावशी_नाशिकरोड
केवढं लिहिलंत! 'वन ड्रॉप' हेडफोनवर लावून बघितला. हात खरंच हवेत राहिला. भाची हसून लोटपोट. ताईने धागा वाचला, मॉशपिटपर्यंत येऊन थांबली आणि आता म्हणते मीही येते. म्हणजे दोन म्हाताऱ्या. उभं कुठे राहू? आणि कानात बोळे घातले तर पोरींची नाचक्की होईल का?

तालवेडा
प्रेक्षकांच्या मधोमध एक मचाण असतं, तिथे आवाजाचं मिक्सर घेऊन माणूस बसलेला असतो. त्याच्या मागे उभ्या राहा. तो जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हाला ऐकू येतं, धक्काबुक्की कमी आणि टेकायला कठडा. स्टेजलगत फक्त बेस धडकतो, शब्द फुटत नाहीत.
कानाचे बोळे खुशाल घाला, पोरींनाही द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितलीय, पण आपल्याकडे कोण मोजतंय? फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. चुरगाळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. नुसता कापूस उपयोगाचा नाही.

स्वराली_ठाणे
ताई येतायत तर चादर मोठी घ्या. आणि बोळ्यांचं जास्तीचं पाकीट ठेवा, पोरी पहिल्या तासात हरवतात.