मदत हवी आहे: इच्छास्वातंत्र्य, नियतत्ववाद आणि व्यसनमुक्ती

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मानसशास्त्रात एम.ए. करतोय. सेमिनारला हा विषय घेतलाय (नियतत्ववाद म्हणजे सगळं आधीच्या कारणांनी ठरलेलं असतं, हे मत) आणि एका ठिकाणी पार अडकलोय.

मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३च्या प्रयोगात हात हलण्याआधी साधारण ५५० मिलिसेकंद मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालीचा आलेख चढू लागला. 'हलवावा' ही जाणीव मात्र जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे निर्णय आपला नाहीच, असं वर्गात ठरलं. मला ते पटत नाही. २०१२ मध्ये मेंदू-संशोधक शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो चढता आलेख मेंदूतल्या अनियमित चढउतारांतूनही तयार होऊ शकतो. शिवाय हात कधी हलवायचा आणि तंबाखूचा मावा सोडायचा का, हे एका जातीचे निर्णय आहेत का?

खरी अडचण पुढेच आहे. समुपदेशनात आपण घर, सवयी, संगत यांना कारणं मानतो आणि त्याच बैठकीत 'तू ठरवू शकतोस' असंही सांगतो. मानसशास्त्रज्ञ बांडुरा म्हणतात, व्यक्ती, वर्तन आणि परिसर एकमेकांना घडवतात. एवढ्यानं भागतं का, की तीही शेवटी कारणांचीच साखळी?

व्यसनमुक्तीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सांगा, समोरच्या माणसाशी हे कसं बोलता? मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर तेही सुचवा, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन शोधेन.