मदत हवी आहे: आवर्तनकाळ ९२.६ ऐवजी ७९.६ येतोय

मल्हारगंज: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवर्तनकाळ, म्हणजे पृथ्वीभोवती एका फेरीचा वेळ, काढतेय. सूत्र बरोबर, कॅल्क्युलेटर बरोबर, तरी उत्तर ७९.६. हवंय ९२.६ मिनिटं. उद्या सकाळी वर्गात फळ्यावर सोडवायचंय, लवकर सांगा.

वेधप्रेमी: उंची किती धरलीत? जीएम, म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान, मीटरमध्ये की किलोमीटरमध्ये?

सुदामानगर: पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे. ती दुरुस्ती राहिली असणार.

वेधप्रेमी: अहो, त्याने काही सेकंद हलतात, १३ मिनिटं नव्हे! आणि ७९.६ मिनिटं शक्यच नाहीत. अगदी जमिनीलगत फिरवलं तरी ८४.५ लागतात. ताई, एकक काय?

मल्हारगंज: नेहमीचंच सूत्र, २ × पाय × √(आर³ ÷ जीएम). कक्षेची त्रिज्या आर ४००, जीएम ३,९८,६००, सगळं किलोमीटरमध्ये. स्थानकाचं वस्तुमान घेतलं नाही, म्हणून तर नाही ना?

वेधप्रेमी: म्हणजे तुमचं उत्तर ७९.६ सेकंद आहे. ४०० ही जमिनीपासूनची उंची. आर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचा. पृथ्वीची त्रिज्या ६३७८ + ४०० = ६७७८. त्याचा घन सुमारे ३१,१३९ कोटी, भागिले जीएम ७,८१,२०९, वर्गमूळ ८८३.८६, गुणिले ६.२८३२ म्हणजे ५५५३ सेकंद. ६० ने भागा, ९२.६ मिनिटं. वस्तुमान विसरा. स्थानक चार लाख किलोंहून जड आहे, पण त्या कक्षेत साधा स्क्रू सोडला तरी काळ तोच.

लोकमान्यनगर: जीएम हवाच कशाला? भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीसोबत फिरून एकाच जागी दिसणारा, लक्षात ठेवा: केंद्रापासून ४२,१६४ किमी, एका फेरीला ८६,१६४ सेकंद. ६७७८ ÷ ४२,१६४ = ०.१६०७५. त्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणा, ०.०६४४५. गुणिले ८६,१६४, झालं. फक्त २४ तासांचे ८६,४०० घेऊ नका, उत्तर १५ सेकंदांनी फुगतं.

वेधप्रेमी: पृथ्वीपुरतं ठीक. चंद्राभोवती १०० किमीवरच्या यानाला हे आकडे चालणार नाहीत. तिथे जीएम ४९०३, आर १८३७, काळ सुमारे ११८ मिनिटं. मुलांना मूळ सूत्रच द्या.

लोकमान्यनगर: चंद्राचं विचारलंय कुणी? परीक्षेत गुणोत्तरच विचारतात.

सुदामानगर: इंदूरहून स्थानक बघायचं तर अंधार पडल्यावर लगेच किंवा पहाटे. पुढच्या फेरीला ते डोक्यावर नसतं, तेवढ्यात पृथ्वी २३ अंश फिरलेली असते.

मल्हारगंज: बघायचं नाहीये हो. ५५५३ आलं, आभार! कक्षा लंबवर्तुळाकार असेल तर आर कुठला?

वेधप्रेमी: किमान आणि कमाल उंचीची सरासरी, अधिक ६३७८. उदाहरणार्थ २५० आणि ३५,७८६ किमी: सरासरी १८,०१८, आर २४,३९६, काळ साधारण साडेदहा तास. दोन्ही उंचींचे वेगवेगळे काळ काढून त्यांची सरासरी मात्र घेऊ नका, ती चुकते.